काचेवरचा जांभूळतलाव

६ नोव्हेंबर

आजपासून दैनंदिनी. लिहिणार लिलाधर दिघोरे, सचिव, जांभूळतलाव मच्छीमार सहकारी संस्था, तालुका पवनी. सभासद बासष्ट. एकवीस वर्षं मी सचिव आहे आणि या एकवीस वर्षांत संस्थेचा एकही कागद हरवलेला नाही. जिल्ह्यात असं छातीवर हात ठेवून कोण म्हणू शकतो, ते ज्यानं त्यानं पाहावं.

लिहायचं कारण असं की भाऊबीज आटोपून प्रेरणा आज वरठीला परत गेली. माझी एकुलती एक लेक. तिथल्या एका कारखान्याच्या ऑफिसात यंत्रांचे नकाशे काढते. जाताना माझ्यासाठी एक वस्तू ठेवून गेली. लॅपटॉप म्हणावा तर वरची काच ओढली की पाटीसारखी वेगळी होते, पाटी म्हणावी तर खाली बटणं. मी पहिल्यांदा हात लावला आणि दोन तुकडे दोन हातात!

"बाबा, तुटलं नाही जी ते," प्रेरणा हसून हसून बेजार. "तसंच राहते. लिहाचं असन तं जोडा, चित्र काढाचं असन तं पाटी काढा. काम, कला, गेम, तिन्ही होते याच्यावर."

"काम होते का तेवढं सांग. गेम या घरात कोण खेळते?"

गीता, म्हणजे माझी मंडळी, कोपऱ्यात वालाच्या शेंगा सोलत होती. तिनं मान वाकडी करून एकदा काचेकडं पाहिलं.

सोबत एक पेन आहे. त्यानं काचेवर लिहिलं की अक्षर उमटतं. हे मी त्यावरच लिहितो आहे. प्रेरणा म्हणाली, "तुमच्या वहीले कुलूप लावून ठेवा, बाबा." मी म्हटलं, वाचणार कोण? तुझी माय चौथी शिकली, तिला किराण्याची चिठ्ठी वाचायला सकाळची दुपार होते.

९ नोव्हेंबर

यंत्राची परीक्षा घेतली. निष्कर्ष नोंदवून ठेवतो.

टेबलावर उत्तम. मांडीवर अजिबात नाही. मागचा टेकू मांडीत रुततो आणि खाटेवर ठेवलं तर सगळं मागं कलंडतं. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, नेलं तर उन्हात काचेत माझंच तोंड दिसतं, अक्षर दिसत नाही. डोक्यावरून दुपट्टा घेऊन, पाटी आत धरून बसलो तर फकिराजी तिकडून जात होते. फकिराजी आमचे अध्यक्ष, वय बहात्तर. म्हणाले, "सचिवसाहेब, वाफारा घेऊन राहिले का?"

पेनाला लोहचुंबक आहे. ते लोखंडी कपाटाला चिकटून बसलं आणि मी अर्धा दिवस घरभर शोधत होतो.

पण तीन पत्रं मात्र अशी सुबक टाईप झाली की बास. खाली "सचिव" ठळक अक्षरात. पाहून बरं वाटलं.

एक तक्रार. गेले आठ दिवस चहा पातळ आणि गोडमिट्ट येतो आहे. सांगायला गेलो तर म्हणेल, नखरे वाढले. म्हणून सांगत नाही, इथं लिहितो.

१० नोव्हेंबर

आज चहा फक्कड. कमी साखर, आलं. तीस वर्षांच्या संसारात बायकोला नवऱ्याच्या मनातलं आपोआप कळू लागतं, ते हे असं.

१३ नोव्हेंबर

घोर प्रकार उघडकीस आला. गीता गेम खेळते! मी पवनीहून दुपारी लवकर परत आलो तर बाईसाहेब पाटी मांडीवर घेऊन बसलेल्या. पाटी काढली की मांडीवर छान बसते, हे मला तेव्हा कळलं. गेम कसली तर मोठा मासा लहान माशाला गिळतो.

मी म्हटलं, "गीता, संस्थेच्या कामाचं यंत्र हाय ते!"

"तं मी कुठी फोडून राहिली?" नजर काचेवरच. "पण ज्यानं हे बनवलं न, त्यानं मासा पायलाच नाही कधी. मरळ अशी उघड्या पाण्यात फिरते का? ते गवताच्या बुडाशी दबून राहते. अन् पिल्लं तिच्या तोंडापुढं राहतात, मागं नाही."

"गेम हाय ती."

"गेम असली म्हणून का झालं? खोटंच दाखवाचं का?"

बायकांना यंत्र दिलं की असा वेळ जातो. प्रेरणाला फोन करून सांगणार होतो, पण राहिलं.

१८ नोव्हेंबर

आज मन थाऱ्यावर नाही. भंडाऱ्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाचं पत्र आलं. जांभूळतलावाचा ठेका यंदा संपतो. पुढच्या पाच वर्षांसाठी दोन अर्ज आहेत, एक आमचा आणि एक श्यामरावांच्या नव्या संस्थेचा. श्यामराव म्हणजे पलीकडच्या गावचे धानाचे व्यापारी. हाताला कधी पाणी लागलं नाही, पण संस्था मच्छीमारांची काढली. पत्रात लिहिलं आहे की दोघांनीही तलावाचा नकाशा सादर करावा. खोली किती, गाळ कुठे, वनस्पती कोणती, मत्स्यबीज कुठे सोडणार, सगळं. ज्याला तलाव जास्त माहीत, त्याला तलाव. सुनावणी १२ डिसेंबर.

श्यामरावांचा पुतण्या भूपेंद्र चौकात भेटला. पोरगा तसा वाईट नाही, नागपूरला शिकतो. म्हणाला, "काका, आमचा नकाशा रंगीत छापून येऊन राहिला, फ्लेक्सएवढा."

मी म्हटलं, आमचाही येऊन राहिला. तोंडातून निघून गेलं.

बासष्ट घरं या तलावावर आहेत. तलाव गेला तर हे लोक डोंगे घेऊन जातील कुठं? माझ्या सचिवपदाच्या काळात तलाव गेला, हे नुसतं मनात आलं तरी घास उतरत नाही.

२१ नोव्हेंबर

तीन दिवस नकाशा काढतो आहे. जे निघालं ते तलावापेक्षा फुगलेल्या भाकरीसारखं दिसतं. काठ मला माहीत आहे. सांडवा, पाणी सोडायचं दार, मोहाचं झाड, हे ठाऊक. आतलं काही ठाऊक नाही.

इथं कोणी वाचत नाही म्हणून खरं लिहितो. मला पाण्याची भीती वाटते. ढिवराच्या, म्हणजे मच्छीमाराच्या, घरात जन्मलो आणि गुडघ्याच्या वर पाण्यात जात नाही. बावीस वर्षांपूर्वी माझा डोंगा उलटला, मी खाली गेलो, तोंडात गाळ, कानात घुमणारा आवाज. गीता शिंगाडे काढत होती. तिनं केसाला धरून मला वर काढलं. आम्ही दोघांनीही ते कोणाला सांगितलं नाही. त्यानंतर वर्षभरात सचिवाची जागा रिकामी झाली आणि मी ती पकडली. लोक म्हणतात, लिलाधरजी कागदावरचा माणूस. का आहे, ते कोणाला माहीत नाही.

सभासदांना विचारावं तर केवळराम म्हणतो चार पुरुष खोल, बाबूलाल म्हणतो दोन. जाळं टाकलं, ओढलं, निघाले. बुडाशी काय आहे ते पायांना माहीत असतं, आणि रोज पायांनी तलावात उतरतात त्या बायका. झिंगे, कमळकंद, शिंगाडे, बेशरमीची झुडपं उपटणं, सगळं त्याच करतात. गीताला विचारावं असं वाटतं. पण एकवीस वर्षांचा सचिव बायकोला विचारतो की तलाव किती खोल आहे, हे जीभच उचलत नाही.

२२ नोव्हेंबर

काय योगायोग! सकाळी चहा देताना गीता स्वतःहून म्हणाली, "तो तलावाचा कागद कोण काढून राहिलं? तुमी?"

"हो. काहून?"

"नाही, मी म्हटलं, तुमाले पत्रव्यवहार लई राहते. आणा ती पाटी. मी काढून देते. तुमी फक्त बरोबर हाय का ते पाहा."

मी जरा विचार केल्यासारखं केलं आणि परवानगी दिली.

२४ नोव्हेंबर

काम सुरू. गीता, वच्छला आणि आणखी तिघी पाण्यात. वच्छला म्हणजे केवळरामची बायको. हातात वेळूची लांब काठी, तिच्यावर गीतानं टिकल्या चिकटवून खुणा केल्या. ठिकठिकाणी काठी उभी करतात, पायानं गाळ चाचपतात, मोठ्यानं ओरडतात. मग गीता वर येते, पदराला हात पुसते, पेन घेते, काढते. ओलं बोट काचेला कळत नाही, पेन कळतं. ही माहिती महत्त्वाची आहे.

ऊन असल्यानं काचेवर सावली लागते, म्हणून मी छत्री धरून देखरेख करतो.

बाबूलाल जाता जाता म्हणाला, "का जी, बायकोवर छत्री धरून राहिले?"

"यंत्रावर धरून राहिलो," मी सांगितलं.

२७ नोव्हेंबर

प्रेरणानं फोनवर गीताला "लेयर" शिकवले. म्हणजे एकावर एक पारदर्शक कागद ठेवायचे, एकावर खोली, एकावर गाळ, एकावर गवत. मला दोनदा सांगूनही नीट उमगलं नाही. गीता म्हणाली, "त्यात का हाय? वरती पाणी, त्याच्या खाली गवत, त्याच्या खाली गाळ. तलाव असाच तं राहते." आणि बोटानं एक थर झाकून दुसरा उघडून दाखवला.

मी प्रेरणाला म्हटलं, तुझ्या आईला चटकन समजतं ग. ती म्हणाली, "बाबा, मी कोणाची पोरगी हाय मंग?" मला वाटत होतं की नकाशे काढायची बुद्धी तिनं माझ्याकडून घेतली.

३ डिसेंबर

नकाशा झाला. मी खुर्चीत बसून तासभर नुसता पाहत होतो.

खाली पाळ, अशी जाड ओळ. पाळीच्या उजव्या टोकाला सांडवा. वर पाणी पसरलेलं, निळ्याच्या पाच छटा. मोहाच्या झाडासमोर एक गर्द निळा ठिपका, तिथं अडीच पुरुष पाणी. उन्हाळ्यात सारा तलाव आटला की मोठे मासे त्या डोहात जाऊन जगतात, म्हणून तिथं उन्हाळ्यात जाळं टाकू नये, असं तिनं बाजूला लिहिलं आहे. कुठं मरळ अंडी घालते, कुठं बेशरम माजली, कुठलं गवत माशांना लागतं, सगळं. अक्षर मोठं आणि टपोरं. तिचं अक्षर एवढं कधी सुधारलं, देव जाणे. रोज काहीतरी वाचल्याशिवाय एवढा फरक पडत नाही, पण आमच्या घरात वाचायला आहे काय?

या तलावाच्या काठी मी बावन्न वर्षं राहिलो आणि तलाव आज पाहिला. माझी बायको. माझ्या घरात बसून. डोळे भरून आले, लिहायला लाज कसली.

गीता झिंगे घेऊन पवनीच्या बाजारात गेली होती, तेव्हा माशांची गेम मीही एकदा उघडून पाहिली, परीक्षा पूर्ण व्हावी म्हणून. मला तीनशे गुण मिळाले. यादीत सगळ्यात वर "गीता", एकेचाळीस हजार. यंत्र गेममध्ये तापतं, एवढीच नोंद करतो.

१२ डिसेंबर

सुनावणी झाली. आज जे झालं ते नीट लिहितो.

कार्यालयात अधिकारी मॅडम नवीन आहेत, वयानं प्रेरणापेक्षा थोड्या मोठ्या. एका बाजूला श्यामराव आणि भूपेंद्र, दुसऱ्या बाजूला मी आणि फकिराजी. श्यामरावांचा नकाशा खरंच फ्लेक्सएवढा, चकाचक. मॅडमनं त्यांना विचारलं, मत्स्यबीज कुठं सोडणार? श्यामराव म्हणाले, "मधोमध, मॅडम." पुढं काही नाही.

मग मी पाटी सरकवली. मॅडमनं सरकारी नकाशा काढून शेजारी ठेवला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. भूपेंद्र वाकून पाहत होता. तो म्हणाला, "मॅडम, यांचा तं सगळाच चुकला. सरकारी नकाशात पाळ वर हाय, यांची खाली. सांडवा तिकडं डावीकडं, यांचा उजवीकडं."

श्यामराव मोठ्यानं हसले. "बावन्न वर्षं राहतात म्हणे तलावावर."

फकिराजी माझ्याकडं पाहत राहिले. आणि माझ्या डोळ्यासमोर गीता आली, पाळीवर उभी, पदराला हात पुसणारी. आम्ही तलावाकडं पाहतो ते पाळीवरून. गावातला प्रत्येक माणूस पाळीवर उभा राहूनच तलाव दाखवतो. मग पाळ आपल्या पायाशी नाही येणार तर कुठं येईल? आमची पाळ उत्तरेला आहे, आणि सरकारी कागदात उत्तर वर असते. नकाशा चुकला नव्हता, उलटा धरलेला होता.

मी पाटी उचलून उलटी केली. चित्र फिरून पुन्हा होतं तसं झालं! पुन्हा फिरवली, पुन्हा चित्र सरळ. तीनदा फिरवली. हे यंत्र स्वतःला फार शहाणं समजतं. शेवटी भूपेंद्रलाच राहवलं नाही. "आणा इकडं, काका," म्हणाला आणि कोपऱ्यातलं एक चिन्ह दाबून चित्राचं फिरणं बंद केलं. श्यामरावांनी त्याच्याकडं असं पाहिलं की पोरगा टेबलाखाली जातो की काय असं वाटलं.

आता पाटी उलटी धरली तर चित्र उलटंच राहिलं. सांडवा सांडव्यावर, पाळ पाळीवर. मॅडम कागदावर बोट ठेवायच्या, मग काचेवर. दहा मिनिटं हेच चाललं.

"हा डोह आमच्या नकाशात नाही," त्या म्हणाल्या.

"पण तलावात हाय, मॅडम," मी म्हटलं.

"मी येऊन मोजीन. सोळा तारखेला."

१६ डिसेंबर

मॅडम आल्या. दोरी, वजन, दोन माणसं. डोंग्यात बसून मोहाच्या झाडासमोर गेल्या. सारं गाव पाळीवर. दोरी खाली गेली, गेली, गेली. तेरा फूट. गीताचे अडीच पुरुष म्हणजे तेवढेच. पाळीवर अशा टाळ्या पडल्या की बगळे उडाले.

मॅडम परत आल्या आणि विचारलं, "नकाशा कोणी काढला?"

गीता चार पावलांवर उभी होती. मी म्हटलं, "संस्थेनं."

"संस्थेतल्या कोणी? काढणाऱ्या सभासदाची सही लागेल, दस्तऐवज आहे. आठ दिवसांत द्या, मग आदेश काढते."

केवळराम कानात म्हणाला, "तुमीच करून टाका न, सचिव. बायका कुठी सभासद हायेत आपल्यात?" त्याचं बरोबर आहे. संस्थेत सगळे पुरुष, आधीपासून. मासळी निघाली की पाळीवर वाट्याच्या बासष्ट ढिगल्या लागतात. त्या लावतात बायकाच, पण बाईच्या नावाची ढिगली नसते. शेवटी छत्री मी धरली, यंत्र माझं, पत्रं माझी. सही मीच करीन. गीताला काय त्याचं? तिला असल्या गोष्टीत रस नाही.

१७ डिसेंबर

चहा आला नाही. भाजीत मीठ नव्हतं. गीता लवकर झोपली. डोकं दुखत असावं.

१८ डिसेंबर

डोकं दुखत नव्हतं. मी सहीसाठी पाटी उघडून बसलो, तर समोर येऊन उभी राहिली.

"सही करून राहिले?"

"कागदोपत्री लागते ते."

"करा," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "पण मंग पुढच्या बारीले पाण्यात काठी घेऊनही तुमीच उतरा. मोहाच्या झाडासमोर."

मी पेन खाली ठेवलं. तिलाही आपण काय बोललो ते कळलं, कारण तिचे डोळे भरले. "मले तुमचं सचिवपण नाही पाहिजे जी," ती म्हणाली. "मॅडमनं विचारलं तवा मी तिथंच तं उभी होती. तुमी माह्याकडं पायलंही नाही." आणि आत निघून गेली.

मी मेल्यासारखा बसलो आहे. तिचं एक अक्षरही खोटं नाही. पाहिलं नाही मी. मुद्दाम पाहिलं नाही.

१९ डिसेंबर

सकाळी कपाट उघडून पोटनियम काढले. सभासद कोण होऊ शकतो? कलम सात: "कार्यक्षेत्रात राहणारी व मासेमारी करणारी कोणतीही सज्ञान व्यक्ती." व्यक्ती! पुरुष असं कुठंही नाही. एकवीस वर्षं हे कागद मी जिवापाड जपले आणि हे कलम एकदाही नीट वाचलं नाही.

उद्या तातडीची सभा बोलावली. सूचना स्वतः घरोघर दिली, बायकांच्या हातात सुद्धा.

२० डिसेंबर

सभा समाजमंदिरात. सभासद एकोणसाठ हजर. आणि दाराबाहेर, ओट्यावर, पाळीवर, सगळ्या बायका. असं कधी झालं नव्हतं.

मी ठराव मांडला, गीताबाई लिलाधर दिघोरे यांना सभासद करून घ्यावं. केवळराम उसळलाच. "आज सचिवाची बायको, उद्या साऱ्यायच्या. मंग आमी का घरी बसून चूल फुकाव?"

"फुका न," बाहेरून वच्छलाचा आवाज आला. "एक दिवस फुकून तं पाहा." हशा पिकला, पण केवळराम हटला नाही.

"सचिव, सही तुमी केली असती तं काम कालच झालं असतं. तुमालेच कायले एवढा पुळका?"

मी उभा राहिलो. कलम सात वाचून दाखवलं. तेवढ्यानं काही हललं नाही. मग मला माहीत होतं की काय बोलावं लागणार आहे, आणि ते बोललो. "मले तलाव माहीत नाही," मी म्हटलं. "मले पाण्याचं भेव वाटते. बावीस वर्सांआधी माहा डोंगा उलटला तं मी बुडून राहिलो होतो. गीतानं काढलं. तेव्हापासून मी गुडघ्याच्या वर पाण्यात गेलो नाही. अन् मी त्या नकाशावर सही करू?"

कोणी हसलं नाही. मला वाटलं होतं की हसतील, मी तयारीनं आलो होतो.

फकिराजींनी काठीवर टेकलेली हनुवटी उचलली. मग त्यांनी एकच विचारलं. "मोहाच्या झाडासमोर डोह हाय, हे तुमच्यातल्या कोणाले माहीत होतं? हात वर करा." एकही हात वर नाही. "मलेही नाही. मी साठ वर्सं जाळं टाकून राहिलो." मग म्हणाले, "ठराव मंजूर करायले हात वर करा."

त्रेपन्न हात. मी दोनदा मोजले. केवळरामचा नव्हता. पण सभा संपल्यावर तो बाहेर गेला आणि वच्छलाजवळ उभा राहून हळू आवाजात विचारत होता, "तुलेही व्हाचं हाय का व?"

गीताचा अर्ज मी माझ्या हातानं लिहिला. सभासद क्रमांक त्रेसष्ट.

घरी येऊन तिनं पाटी मांडीवर घेतली, पेन उचललं आणि नकाशाच्या खाली सही केली. आधी एकदा केली, ती पुसली. "वाकडी झाली," म्हणाली. मग पुन्हा केली. मी शेजारी बसलो होतो, छत्रीशिवाय. मी म्हटलं, "चुकलं माहं, गीता." ती म्हणाली, "मले माहीत हाय." मग चहा ठेवायला उठली.

२४ डिसेंबर

आज भंडाऱ्याला आदेश झाला. कार्यालयाची खोली भरलेली होती. आम्ही पंधरा जण आणि गीता. तिनं बाजाराचं हिरवं लुगडं नेसलं होतं. पदर सारखा सावरत होती. पाटी मी पिशवीत घालून पोटाशी धरून आणली.

श्यामराव आले नव्हते. भूपेंद्र आला होता. मागच्या बाकावर बसला आणि मला हात दाखवला.

मॅडम आदेश वाचू लागल्या. सर्वे नंबर, क्षेत्रफळ, मुदत पाच वर्षं, जांभूळतलाव मच्छीमार सहकारी संस्था. फकिराजींनी डोळे मिटले. बाबूलालनं माझ्या पाठीवर अशी थाप मारली की पाटी पडता पडता वाचली. तलाव आमचा राहिला. बासष्ट घरं, नाही, त्रेसष्ट सभासद. मला वाटलं, झालं.

पण मॅडम थांबल्या नाहीत. त्यांनी पुढची ओळ वाचली. "आदेशासोबत जोडलेला तलावाचा नकाशा तयार करणार, श्रीमती गीताबाई लिलाधर दिघोरे, सभासद क्रमांक त्रेसष्ट." आणि मान वर करून विचारलं, "कोण आहेत गीताबाई?"

गीता उठली नाही. खाली मान घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मी तिला खूण केली तरी उठेना.

मग मीच उठलो. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही नाही, त्या."

"माहीत हाय, मॅडम," मी म्हटलं, आणि उभाच राहिलो. मग माझ्या बाजूला काठीचा आवाज झाला. फकिराजी उठत होते, गुडघ्यावर हात देऊन, हळूहळू. मग बाबूलाल. मग केवळराम. खोलीतले आमचे सगळे उभे राहिले, आणि मध्ये एकटी गीता बसलेली होती.